मतांतराची मीमांसा : तर्क धर्मश्रद्धा कुठवर बदलू शकतो?

१. प्रश्नाची मांडणी

धर्मश्रद्धा युक्तिवादाने बदलता येते का, या प्रश्नाची दोन उत्तरे ठरलेली आहेत. बुद्धिवादी म्हणतो, श्रद्धा हे शेवटी एक मत आहे; मत खोटे ठरवता येते आणि खोटे ठरलेले मत विचारी माणूस टाकून देतो. भाविक म्हणतो, श्रद्धा हा तर्काचा प्रांतच नव्हे. वाद घालून दमलेला बुद्धिवादीही पुष्कळदा याच उत्तरापाशी येऊन थांबतो. दोन्ही उत्तरांमागचे गृहीत मात्र एकच आहे. श्रद्धा ही एकजिनसी वस्तू असून ती तर्काच्या कक्षेत एक तर पूर्ण येते किंवा मुळीच येत नाही, असे दोघेही मानून चालतात. या गृहीतावरच येथे आक्षेप घ्यायचा आहे.

आधी संज्ञा निश्चित करू. 'युक्तिवाद' म्हणजे समोरच्याला मान्य असलेल्या किंवा मान्य होण्याजोग्या आधारांवरून, केवळ कारणे देऊन, निष्कर्षाकडे नेण्याचा प्रयत्न. धाक, लोभ, प्रेम, संतांचा सहवास यांनीही श्रद्धा बदलते, पण तो युक्तिवाद नव्हे. 'बदल' तीन प्रकारचा असू शकतो : जुनी श्रद्धा सोडून दुसरी धरणे किंवा कोणतीच न धरणे, हा त्याग, त्याच धर्मात राहून श्रद्धेचा आशय वेगळा करणे, ही पुनर्रचना, आणि आघातामुळे जुनेच मत अधिक घट्ट होणे, हे दृढीकरण. तर्काच्या यशापयशाची चर्चा करणारे बहुतेक लोक फक्त त्याग मोजतात. त्यामुळे तर्काचे सर्वांत मोठे कार्य त्यांच्या हिशेबातूनच निसटते.

पुराव्यासाठी मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील मराठी माणसांची उदाहरणे घेतली आहेत. त्याला कारण आहे. या काळात मिशनरी आणि पंडित या दोन्ही पक्षांनी युक्तिवाद हेच मतांतराचे साधन म्हणून उघडपणे पत्करले, आपापली बाजू छापून ठेवली, आणि त्या वादांचे पुढे काय झाले हे आज आपल्याला तपासता येते.

२. श्रद्धेचे चार थर

धर्मश्रद्धेत निदान चार थर वेगळे काढता येतात. पहिला वस्तुविधानांचा : पृथ्वी कशी आहे, सृष्टी कधी झाली, अमुक चमत्कार घडला की नाही. ही विधाने अनुभवाने खरीखोटी ठरू शकतात. दुसरा प्रमाणाचा : वेद, बायबल, कुराण, गुरुवचन किंवा स्वतःची बुद्धी यांपैकी शेवटचा शब्द कोणाचा. तिसरा मूल्यांचा : शुद्ध काय, न्याय्य काय, माणसामाणसांत भेद करावा की नाही. चौथा आपलेपणाचा : कोणाच्या पंगतीत बसायचे, मुलीचे लग्न कोठे ठरवायचे, आपल्यामागे आपले क्रियाकर्म कोण करणार.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की पहिल्या थरावर बाकीचे तीन उभे आहेत; चमत्कार खोटा ठरला की वरचे सगळे कोसळेल. प्रत्यक्षात आधाराची दिशा बहुधा उलटी असते. माणूस आधी एका समाजाचा असतो, त्या समाजाची मूल्ये आणि प्रमाणे त्याच्याकडे येतात, आणि वस्तुविधाने सर्वांत शेवटी. म्हणून वस्तुविधान काढून घेतले तरी श्रद्धा पडत नाही, कारण ती त्यावर टेकलेलीच नसते. कोणता युक्तिवाद कोणत्या थराला लागू होतो, याचा निर्णय केल्याशिवाय मूळ प्रश्नाला उत्तर नाही.

३. तर्काच्या मर्यादेविषयी आपली परंपरा

हा विचार आपल्याकडे नवा नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे चालतो तो वाद. जिंकण्यासाठी छल (शब्दांची ओढाताण), जाती (पोकळ प्रत्युत्तरे), निग्रहस्थाने (प्रतिपक्षाला पकडण्याच्या जागा) यांचाही वापर करतो तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे केवळ खंडन करते ती वितंडा. हे वर्गीकरण युक्त्यांइतकेच चर्चा करणाऱ्याच्या हेतूवर आधारलेले आहे. वादात आपला पक्ष पडू शकतो हे दोन्ही बाजू आधीच पत्करतात. जल्पात कोणीच पत्करत नाही. मतांतराची शक्यता म्हणूनच वादात असते, आणि श्रोत्यांची गर्दी जमली की वादाचा जल्प होण्यास वेळ लागत नाही.

तर्काच्या आवाक्याबद्दलही परंपरेत एकमत नव्हते. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वर अनुमानाने सिद्ध केला. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात अशी अनुमाने अपुरी ठरवली आणि ईश्वराचे ज्ञान शास्त्रानेच होते असे प्रतिपादले. कुमारिल भट्टांनी जगाचा कर्ता ईश्वर नाकारला, पण वेदप्रामाण्याला धक्का लावला नाही. ब्रह्मसूत्रांत निव्वळ तर्काला स्थिर पाया नाही असे म्हटले आहे, कारण एका बुद्धिमानाचे अनुमान दुसरा अधिक बुद्धिमान खोडू शकतो. यावर शंकराचार्यांनीच पूर्वपक्षाच्या तोंडी एक मार्मिक आक्षेप घातला : तर्क अस्थिर आहे हेही शेवटी तर्कानेच ठरवले ना? उदयन, रामानुज आणि कुमारिल या तिघांपैकी एकाने ईश्वराचे अनुमान केले, दुसऱ्याने ते मोडले, तिसऱ्याने ईश्वरच मोडीत काढला. तरी वैदिक म्हणून तिघेही कायम राहिले. ईश्वराविषयीचा युक्तिवाद जिंकणे-हरणे आणि धर्मात असणे-नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपल्या आचार्यांच्या उदाहरणावरूनच दिसते.

४. थरागणिक पुरावा

(अ) वस्तुविधाने. मध्य भारतात सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात एक वेगळी पद्धत वापरली. पुराणांतील सपाट पृथ्वी आणि मेरू पर्वत खोडण्यासाठी त्याने युरोपीय ग्रंथ पुढे केले नाहीत. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी पुढे केला. गोल पृथ्वीचा सिद्धान्त पंडितांच्याच शास्त्रात होता, आणि तेथून कोपर्निकसपर्यंत जाणे एका पायरीचे अंतर होते. त्याच्या वर्तुळातील सुबाजी बापू या मराठी पंडितांनी १८३६ मध्ये सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हा मराठी ग्रंथ लिहून पौराणिक भूगोलापेक्षा सिद्धान्त आणि नवे ज्योतिष यांची बाजू उचलून धरली.

युक्तिवादाचे हे निर्विवाद यश. परंतु तीनच वर्षांनी, १८३९ मध्ये, जॉन म्यूर यांनी ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ छापला, तेव्हा त्याला 'सोमनाथ' या नावाने पहिले उत्तर देणारे पंडित अभ्यासकांच्या मते हेच सुबाजी बापू होते. ज्याने मेरू पर्वत सोडला त्याने धर्म सोडला नाही. दोन्ही ठिकाणी माणूस एकच, बुद्धीही एकच. थर मात्र वेगळा.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध मूर्तीवर ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले. पुष्कळांना ते पटले, आणि पुढच्या वर्षी गणपती नेहमीसारखेच बसले. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि १९८९ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी देवाधर्माला विरोध हे आपले कार्य मानले नाही. चमत्कार, बुवाबाजी, शोषण एवढ्यांवर रोख ठेवला. तर्क कोठे पोचतो याचा अचूक अंदाज त्या धोरणात आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. एवढ्या मर्यादित तर्कालाही जीव घेण्याइतका विरोध होतो, यावरून वस्तुविधानांत हितसंबंध किती खोल रुतलेले असतात हे दिसते.

(आ) प्रमाण. हा थर हलवणे सर्वांत अवघड, कारण एका प्रमाणाची परीक्षा कोणत्या प्रमाणाने करायची हाच वाद असतो. म्यूर यांनी खऱ्या धर्माच्या कसोट्या सांगितल्या : संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य, सर्व मानवांना लागू पडणारी व्यापकता. पंडितांनी कसोट्याच नाकारल्या. चमत्कार आमच्याकडेही आहेत. आणि अधिकारभेदाने ज्याचा त्याचा धर्म ज्याला त्याला योग्य आहे, तर व्यापकतेची अट कशासाठी? मुंबईत १८३१ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात झालेल्या जाहीर वादाचेही असेच झाले. मोरभटांनी हिंदुधर्मस्थापना छापली, विल्सन यांनी १८३२ मध्ये तिचे खंडन छापले, आणि दोघेही जेथे होते तेथेच राहिले. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी महिनोन्‌महिने वाद करीत होते. तेथेही पक्षांतर झाले नाही. विष्णुबावांची पुढची कृती अधिक बोलकी आहे. १८५९ मध्ये त्यांनी वेदोक्त धर्मप्रकाश लिहिला. आघात परतवता परतवता आपला धर्म पद्धतशीरपणे, प्रश्नांना उत्तरे देईल अशा रूपात मांडावा लागला. वादाने श्रद्धा गेली नाही, पण वादापूर्वीची राहिली असेही नाही.

याला खरा अपवाद नीलकंठशास्त्री गोरे यांचा. बुंदेलखंडात १८२५ मध्ये जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या चित्पावन नैयायिकाने म्यूर यांच्या खंडनार्थ शास्त्रतत्त्वविनिर्णय लिहिला. अनंत नरकाची कल्पना न्यायी ईश्वराशी विसंगत आहे, आणि पूर्वजन्म मानल्याशिवाय जन्मतः दिसणाऱ्या विषमतेचा उलगडा होत नाही, हे त्यांचे मुद्दे आजही दमदार वाटतात. मिशनरी विल्यम स्मिथ यांना निरुत्तर करायला ते गेले आणि तीन-चार वर्षांच्या वाचनानंतर, वादांनंतर, १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे षड्दर्शनदर्पण लिहून त्यांनी आपल्याच दर्शनांचे खंडन केले.

तर्काने श्रद्धा बदलते याचे याहून चांगले उदाहरण मराठी माणसांत सापडणार नाही. म्हणूनच त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पंडित असताना गोरे म्हणत की तर्काने श्रुतीच्या मागून चालावे. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजीयांवर घेतलेला मुख्य आक्षेप हाच, की ईश्वरी प्रकटीकरणाचा आधार न घेता हे लोक केवळ बुद्धीच्या बळावर धर्म उभारू पाहतात. ग्रंथ बदलला, ग्रंथ आणि बुद्धी यांच्यातले नाते बदलले नाही. पूर्वी जिच्यावर आक्षेप घेतला त्या अनंत शिक्षेच्या कल्पनेने त्यांना ख्रिस्ती झाल्यावरही स्वस्थता लाभू दिली नाही. सर्वांत तर्कशुद्ध मतांतरातही तर्काने सगळे थर बदलले नव्हते.

(इ) मूल्ये. येथे तर्काला बळकट पकड मिळते, कारण दुसऱ्या धर्मातून मोजमाप उसने आणावे लागत नाही. माणसाच्या स्वतःच्याच दोन मूल्यांतील विसंगती दाखवता येते. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी झाल्या. मधल्या काळात पतीच्या पांडित्याने त्यांचे मन वळले नाही. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रातून दिसतो तो क्रम वेगळाच आहे : सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा विचार त्या स्वतःशीच करीत राहिल्या, हे भेद माणसांनी केलेले आहेत असे त्यांना पटले, आधी आचार बदलला आणि बाप्तिस्मा मागून आला. युक्तिवाद होता, तो करणारी व्यक्ती मात्र त्या स्वतः होत्या.

याच थरावरचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर केले. मधली एकवीस वर्षे विचाराची, तुलनेची आणि तयारीची होती. १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या उच्छेदावर तयार केलेल्या भाषणात त्यांनी थरांचे निदानच मांडले : सहभोजने आणि मिश्रविवाह पुरणार नाहीत, कारण जात शास्त्रांच्या पावित्र्यावर उभी आहे, म्हणून शास्त्रप्रामाण्य नष्ट केले पाहिजे. मूल्याच्या थरावर सुरू झालेला तर्क त्यांनी प्रमाणाच्या थरापर्यंत नेला. १९५० मध्ये महाबोधी मासिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या दिल्या : तो विज्ञानाशी सुसंगत असावा, त्याने स्वातंत्र्य, समता आणि बंधुता मान्य करावी, दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये.

जातिसंस्थेच्या उच्छेदावरच्या त्या भाषणावर गांधीजींनी १९३६ मध्येच हरिजनमधून उत्तर दिले. बुद्धीला न पटणारे किंवा आध्यात्मिक अनुभवाला न उतरणारे काहीही ईश्वराचे वचन मानता येणार नाही, असे त्यांनी म्हटले. म्हणजे जातीचे पावित्र्य त्यांनीही नाकारले, पण शास्त्राचा अर्थ बदलून. एकाच युक्तिवादातून एकाने त्याग काढला, दुसऱ्याने पुनर्रचना. विसंगती दाखवणे एवढे तर्काच्या हाती असते. ती कोणत्या टोकाने सोडवायची हे तर्क एकटा ठरवत नाही.

(ई) आपलेपणा. १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद आणि मूर्तिपूजा यांवरचे आक्षेप सभासदांना पूर्ण पटलेले होते. ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खाणे ही तेथे प्रवेशाची खूण होती. पण सगळे गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. बुद्धीने जिंकलेला पक्ष वाळीत पडण्याच्या भीतीपुढे टिकला नाही. मात्र याच मंडळींच्या परंपरेतून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला, कारण आता पटलेल्या माणसाला बसायला एक जागा होती. सभेच्या वर्तुळात वावरलेले बाबा पदमनजी १८५४ मध्येच ख्रिस्ती झाले होते. त्यांना ती जागा चर्चमध्ये मिळाली. आंबेडकरांचे धर्मांतर लाखोंचे झाले यामागेही हे कारण आहे. त्यांनी माणसाला एकटे बाहेर पडायला सांगितले नाही. वस्तीच्या वस्ती सोबत नेली.

५. मानसशास्त्रीय पुरावा

प्रयोगांतून येणारा पुरावाही याच दिशेचा आहे. १९७९ मध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी देहदंडाचे समर्थक आणि विरोधक यांना तोच मिश्र पुरावा वाचायला दिला. प्रत्येकाला आपल्या बाजूचा पुरावा भक्कम आणि विरुद्ध बाजूचा सदोष वाटला. २०१० मध्ये नायहान आणि राइफलर यांनी चूक दुरुस्त करून दाखवल्यावर काही लोक चुकीलाच अधिक घट्ट धरतात असे दाखवले. पण वुड आणि पोर्टर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, कितीतरी अधिक विषयांवरच्या अभ्यासात असे दृढीकरण जवळजवळ आढळले नाही; लोक वस्तुस्थिती मान्य करतात असेच दिसले. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीच्या काळातील प्रयोगांत तर आपल्या उमेदवाराचे विधान खोटे आहे हे समर्थकांनी मान्य केले आणि उमेदवारावरचा लोभ तसाच ठेवला. सुबाजी बापूंनी मेरू सोडून धर्म ठेवला, त्याचीच ही प्रायोगिक आवृत्ती.

विश्लेषक विचाराला चालना दिली की धर्मश्रद्धा कमी होते, असा निष्कर्ष २०१२ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता. २०१७ मध्ये त्यातील प्रयोग मोठ्या नमुन्यावर पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. शांतपणे विचार करायला लावले की श्रद्धा आपोआप विरते, या समजुतीला तूर्त भक्कम आधार नाही.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मतांतराची खरी कारणे सामाजिक किंवा आर्थिक असतात आणि युक्तिवाद मागून चिकटवला जातो. काही ठिकाणी हे खरे असेल. पण काशीच्या प्रतिष्ठित पंडिताने ख्रिस्ती होण्यात मिळवण्यापेक्षा गमावण्यासारखेच अधिक होते. तसेच, कारणे निव्वळ देखाव्याची असती तर ती बदलली तरी निवड तीच राहिली असती. आंबेडकरांनी १९३६ च्या सुमारास शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला आणि पुढे तो मार्ग सोडला. केवळ हिंदू धर्मातून बाहेर पडणे एवढाच हेतू असता तर पहिले उघडे दार पुरले असते. ज्याअर्थी पर्याय तोलले आणि टाकले गेले, त्याअर्थी कारणांनी काही काम निश्चित केले.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : श्रद्धा म्हणजे विधान नव्हेच, ती जगण्याची रीत आहे, आणि रीतीला खरीखोटी म्हणता येत नाही. पंढरीची वाट चालणारा वारकरी विठ्ठलाच्या अस्तित्वाचे अनुमान करून चालत नाही, हे मान्य. पण याच रीतीत देवळाचे दार कोणाला उघडे आणि कोणाला बंद हा प्रश्न होता, आणि तो न्यायान्यायाचा प्रश्न होता. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, त्याला आपण व्याख्या केलेल्या अर्थाने युक्तिवाद म्हणता येणार नाही. पण देवापुढे सगळे सारखे असे म्हणणाऱ्यांना त्यांच्याच म्हणण्यातली विसंगती त्या उपोषणाने दाखवून दिली. दार उघडले, वारी चालू राहिली. म्हणजे रीतही कारणांना पूर्ण बंद नसते.

७. सिद्धान्त

यावरून पुढील निष्कर्ष निघतात.

एक : वस्तुविधानांच्या थरावर तर्क समर्थ आहे, पण तेथील विजयाने श्रद्धा जात नाही. तो विजय त्याच्यापुरताच मोजावा. तोही कमी मोलाचा नाही, कारण बुवाबाजी याच थरावर जगते.

दोन : प्रमाणाच्या थरावर बाहेरून आणलेली कसोटी निरुपयोगी ठरते. विल्किन्सन यांना जमले आणि म्यूर यांना जमले नाही, याचे कारण पहिल्याने पंडितांचेच शास्त्र हाती घेतले होते.

तीन : मूल्यांच्या थरावर तर्क सर्वाधिक परिणामकारक आहे, मात्र युक्तिवाद करणारा श्रद्धावान स्वतः असेल तर. दुसरा माणूस प्रश्न उभा करू शकतो. निष्कर्षाची पायरी ज्याची त्यालाच चढावी लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

चार : पटणे आणि बदलणे यांच्यामध्ये समाज उभा असतो. पटलेल्या माणसाला जायला जागा नसेल तर युक्तिवाद परमहंस सभेसारखा बंद खोलीत राहतो.

पाच : तर्काचे नेहमीचे फळ त्याग नसून पुनर्रचना आहे. मिशनऱ्यांच्या युक्तिवादाने ख्रिस्ती झालेले मराठी लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी थोडेच; त्या युक्तिवादाला उत्तर देता देता बदललेला हिंदू धर्म मात्र आज बहुसंख्यांचा धर्म आहे. मूर्तिपूजेला प्रतीक म्हणणारा, वेदांत विज्ञान शोधणारा, जात हा मूळ धर्म नव्हे असे सांगणारा आजचा सुशिक्षित हिंदू मोरभटांना आपला वाटला असता का, याची शंकाच आहे. तर्काने त्याला धर्माबाहेर नेले नाही, पण त्याच्या आजोबांच्या धर्मातही राहू दिले नाही.

या पाचव्या निष्कर्षातून वाद करणाऱ्यावर एक बंधन येते. दुसऱ्याची श्रद्धा जशी वादात बदलते तशी आपलीही बदलणार, हे न पत्करता बोलणारा न्यायसूत्रांच्या व्याख्येने वाद करीतच नाही; तो जल्प करतो, आणि जल्पाने कोणाचे मत बदलल्याचा पुरावा वरच्या उदाहरणांत एकही नाही. गोरे स्मिथ यांना हरवायला गेले आणि स्वतः बदलले, ते स्मिथ यांच्या कौशल्याने जितके, तितकेच स्वतःचा पक्ष पडू देण्याच्या तयारीने. ही तयारी ज्याच्यापाशी नाही त्याने, तो आस्तिक असो वा नास्तिक, तर्काने श्रद्धा बदलत नाही अशी तक्रार करू नये.